सांडणीच्या खिंडीतला पासंग

मुहर्रमची दहावी रात्र लागली होती. सूर्य नुकताच अरबस्तानातल्या हिज्र मुक्कामाच्या लाल कड्यांमागे गेला होता आणि हजचा तांडा अजून तळावरच होता. यूनुस लिंबू आणायला निघाला. थोरल्या भावाला ताप होता, तोंडाला चव नव्हती, त्याने लिंबू मागितलं होतं. एवढंच काम.

बसा खाली. रिदा, तूही बस. उद्या पहाटे तुम्ही दमास्कसची वाट धरणार आणि तिथून तांड्याबरोबर मक्केला. मघापासून तुमचं खिदळणं ऐकतो आहे. वाटेत कोणी कोणतं खोटं नाव सांगायचं, यावर चाललं आहे. एक म्हणतो, मी हलब शहरचा सराफ होतो. दुसरा म्हणतो, मी बापच बदलून घेतो, नाहीतरी हा फार कटकट करतो. हसलात. आता ऐका.

यूनुस माझ्याबरोबर खेचरं हाकायचा. आपल्याच ऐनाता गावचा. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर होतं. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. एकदाच बोलला, ते त्याला जन्मभर पुरलं.

बगदादला सुलतानाच्या तोफा लागल्या, त्या सालची ही गोष्ट. तुर्कांचा सुलतान सुन्नी, इराणचा शाह शिया. भांडण त्या दोघांचं, गादीसाठी. मार मात्र आपल्या डोंगरातल्या माणसांना. आपण शिया, म्हणजे आपण शाहाचे हेर, असं दमास्कसच्या कचेऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. शाह काळा की गोरा हे आपल्यात कोणाला ठाऊक होतं? जैतुनाची झाडं झोडपणारी माणसं आपण. पण त्याच्या आदल्याच वर्षी शेजारच्या गावचा एक म्हातारा दमास्कसच्या मशिदीत आपल्या रीतीने हात मोकळे सोडून नमाजाला उभा राहिला. परत आला तो त्याचा फेटा. तेवढाच.

म्हणून या दोघा भावांनी नावं बदलली. थोरला काझिम, बापाचं नाव अब्दुल हुसेन. हुसेनचा सेवक. त्या नावातच सगळं उघडं. तेव्हा काझिमचा झाला सालिम, अब्दुल हुसेनचा झाला अब्दुल्ला, आणि ऐनाताचं झालं सैदा बंदर. यूनुसचं नाव दोन्हीकडे चालण्यासारखं होतं, ते राहिलं. बाप मात्र त्याचाही गेला. दोघं छातीवर हात बांधून नमाज पढायला शिकले. जीव जात असेल तर लपवायची मुभा आपल्याला आहे, हे मलाही माहीत आहे. मुभा आहे. पण मुभा माणसाच्या अंगवळणी पडते, आणि तिथेच घात होतो.

मक्का झाली. मदिना झाली. परतीच्या वाटेवर काझिमला तापाने धरलं.

तर यूनुस लिंबासाठी तळावरून चालला होता. दमास्कसवाल्यांच्या चुली पेटल्या होत्या. गव्हाची खीर शिजत होती, वरून बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे. त्यांच्याकडे ती रात्र गोडाची. त्यांचं त्यांच्यापाशी. आपल्याकडे त्या रात्री कोणी गोडाला शिवत नाही. हुसेनचं पाणी तोडून त्याला उन्हात मारलं, त्याच्या दुखवट्याची ती रात्र.

पातेल्याजवळ रजब चावूश बसला होता. पाशाचा शिपाई. तांड्याच्या शेपटाकडचा पहारा त्याचा. कोण कसा नमाज पढतो, कोण काय खात नाही, हे बघत फिरण्याची त्याला खोड होती. बघितलेलं तो पाशाच्या तंबूत नेऊन सांगायचा.

"ए सैदावाल्या! इकडे ये. तोंड गोड कर."

"भाऊ आजारी आहे, साहेब. घाईत आहे."

"घास गिळायला कितीसा वेळ लागतो? की तुमच्या घशात तो अडकतो?"

आजूबाजूचे हसले. यूनुसने वाडगा घेतला. खीर खाल्ली. बोटं चाटली. एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं, पण भीती माणसाला थांबू देत नाही.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.

चावूशने आणखी एक डाव खीर वाढली.

पुढे अबू दीब होता. दमास्कसच्या मैदान मोहल्ल्यातला उंटवाला, सुन्नी, दाढीत निम्मी वाळू. दोघा भावांचा उंट त्याचाच. त्याने पिशवीतून एक वाळलेलं लिंबू काढून दिलं.

"घे. वाळलंय, पण आंबटपणा गेलेला नाही. आमच्या घरच्या बाईसारखं."

यूनुस वळला.

"आणि हे बघ, आधी तोंड धू."

"का?"

"ओठांना साखर आहे. भाऊ बघेल."

यूनुसने लिंबू मुठीत आवळलं. या माणसाला काय कळलं आहे? किती कळलं आहे? विचारायची हिंमत झाली नाही. तोंड मात्र धुतलं नाही. धुतलं तर कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं.

काझिम पाळण्यात पडून होता. तुम्ही बघालच, उंटाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक पाळणा टांगतात, मध्ये जाड कापडाचा आडपडदा. एकात एक भाऊ, दुसऱ्यात दुसरा. वजन सारखं नसलं तर सगळंच कलंडतं. म्हणून हलक्या बाजूला पासंगाला दगड घालतात. आत्ता उंट बसलेला होता, पाळणे जमिनीला टेकलेले.

काझिमने लिंबू चोखलं नाही, नुसतं हुंगलं.

"गोड खाल्लंस?"

"चावूशने बोलावलं. दादा, मी..."

"चांगली होती का?"

"काय?"

"खीर रे. चांगली होती?"

"...होती."

"मग झालं. वाईट असून खाल्ली असतीस तर दोन्हीकडून नुकसान." काझिम हसला. हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेना. थांबला तेव्हा त्याने भावाचं मनगट धरलं. "यूनुस, मी काही आता आपलं गाव बघत नाही."

"उगीच काहीतरी बोलू नकोस."

"ऐक. आज रात्री सांडणीची खिंड आहे. तिथे सगळे ओरडतात, नगारे बडवतात, बंदुका झाडतात. त्या गोंगाटात मला माती दे. कबरीत तू माझ्याशी काय बोलतोस ते कोणाला ऐकू जाणार नाही."

काय बोलायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तरी सांगतो, कारण तुम्हाला नुसतं माहीत आहे, तुम्ही अजून कोणासाठी कबरीत उतरलेला नाहीत. मेलेल्याला आत ठेवलं की जवळचा माणूस खाली उतरतो. त्याचा खांदा धरून हलवतो. त्याच्या नावाने, बापाच्या नावाने हाक मारतो. ऐक, समजून घे. आता दोन फरिश्ते येतील. देव कोण, पैगंबर कोण, इमाम कोण, विचारतील. घाबरू नकोस, असं सांग. मग बारा इमामांची नावं एकेक करून कानात सांगतो. नवा मेलेला माणूस भांबावलेला असतो. अंधारात त्याच्या ओळखीचं तेवढंच एक असतं... त्याला मारलेली हाक.

"माझ्या नावाने बोलाव," काझिम म्हणाला. "सालिम म्हणालास तर मी पडून राहीन. मला वाटेल शेजारच्याला उठवताहेत."

"दादा..."

"दाढीला हात लाव."

शपथ म्हणून यूनुसने स्वतःच्या दाढीला हात लावला.

खिंडीच्या तोंडाशी मशाली पेटवायला आणि बंदुका ठासायला तांडा थांबला. तेवढ्यात काझिम गेला. काही न बोलता. यूनुसने पडद्यापलीकडे हात घातला तेव्हा तो गेलेला होता.

अबू दीबने उंट वाटेच्या बाजूला घेऊन बसवला. पाणी नव्हतं, मातीनेच शुद्धी केली. जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफन काझिमने मक्केत स्वतःच घेतलं होतं, ते काढलं. यूनुसने कापूस पिंजला. कापूर चुरून त्यात घातला. दोन बोळे केले आणि आपल्या हाताने भावाच्या कानांत घातले. नीट, हलक्या हाताने, लहान मुलाचे कान पुसावे तसे.

कड्याच्या पायथ्याशी वाळू मऊ होती. अबू दीब आणि तो, दोघांनी मिळून खड्डा केला.

आणि गोंगाट सुरू झाला. सालेह पैगंबराची सांडणी त्या खिंडीत मारली, आणि तिचं पिल्लू अजून डोंगराच्या पोटात टाहो फोडतं, असं म्हणतात. उंटांनी तो आवाज ऐकला तर बसतात, मग उठत नाहीत. म्हणून हजारो माणसं एकदम ओरडायला लागतात. कडे आवाज परत फेकतात. बंदुकांचा धूर वर जात नाही. शेजारच्या माणसाचं बोलणं शेजारच्याला कळत नाही.

काझिमने जागा बरोबर निवडली होती.

यूनुस कबरीत उतरला. भावाला उजव्या कुशीवर ठेवलं. तेवढ्यात वरून उजेड पडला. रजब चावूश घोड्यावरून आला होता, हातात मशाल. तांड्यामागे कोणी राहता कामा नये, हे त्याचं काम. तो थांबला. वाकला. कबरीत बघू लागला.

यूनुसने खांदा धरला. हलवला.

"ऐक," तो म्हणाला. "समजून घे..."

वर बघितलं. चावूशचे डोळे थेट त्याच्या तोंडावर.

"...सालिम. अब्दुल्लाच्या मुला."

निघून गेलं तोंडातून. पुढे सगळ्यांना चालेल तेवढं तो बोलला. अल्ला. पैगंबर. कुराण. काबा. मग नावांची वेळ आली. तोंड उघडं राहिलं. नाव येईना. एकही. चावूश बघत होता.

यूनुस वर आला. दोघांनी कड्याखालच्या चपट्या फरशा लावल्या. वाळू ढकलली.

"आटपा!" चावूश ओरडला. "चला!" आणि घोडा पुढे काढला.

उंट घाईघाईने उठवला. यूनुस आपल्या पाळण्यात बसला होता, कसा बसला ते त्याचं त्याला कळलं नव्हतं. अबू दीब दोरी धरून बाजूने चालत होता. खिंड संपली. आरडाओरड थांबली. मागे कुठेतरी एखादी बंदूक वाजत होती, तीही थांबली. नुसती उंटांची पावलं.

"एक विचारू?" अबू दीब म्हणाला. "एवढा का भ्यालास?"

यूनुसने मागे खिंडीकडे बघितलं.

"वर आलास तेव्हा तुझ्या तोंडावरूनच कळलं, बोलायचं राहिलं. मी तुझ्यासाठी पाठ फिरवली होती. मुद्दाम. बोलायचं होतंस ना जे तुमच्यात बोलतात ते."

"आमच्यात म्हणजे?"

"अरे बाबा, पहिल्या मुक्कामालाच कळलं मला. सैदाचा माणूस मासळीची आठवण काढल्याशिवाय भाकरी मोडत नाही. तुम्ही दोघं आपले डोंगर दिसला की गप्प होता."

"तू कोणाला सांगितलंस?"

"मी उंटवाला आहे. माणसं नेतो आणि आणतो. कोण कुणाचा, ते वर बघतील."

"पण चावूश होता. वाकून ऐकत होता."

अबू दीब थांबला. मग चालू लागला.

"ऐकत होता? त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता, यूनुस. दर वर्षी या खिंडीत घालतो. बंदुकांनी त्याचं डोकं उठतं. तू गळा फाडून ओरडला असतास तरी त्याला ऐकू आलं नसतं, तू काय बोललास ते!"

यूनुसला आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि त्याला जो राग आला, पोरांनो, तो मी त्याच्या तोंडून ऐकला आहे. चावूशचा राग. बगदादवर तोफा घेऊन निघालेल्या सुलतानाचा. आपल्यासाठी कधी बोट न उचललेल्या शाहाचा. त्या दोघा गादीवाल्यांना एका माणसाची कबरसुद्धा मोकळी सोडवेना. आणि सगळ्यांपेक्षा जास्त स्वतःच्या जिभेचा. ती कोणी न बांधता बांधली गेली होती.

"मला परत जाऊ दे," तो म्हणाला.

"एकटा? रानात टोळ्या आहेत. सकाळपर्यंत तुझे कपडेही उरणार नाहीत."

"उंट थांबव!"

"तांडा थांबत नाही, माहीत आहे तुला." मग विषय बदलायचा म्हणून अबू दीब म्हणाला, "दगड बरे सापडले तुला अंधारात. अगदी समतोल चाललाय बघ."

"कसले दगड?"

"पासंगाचे. त्या बाजूला."

"मी नाही घातले."

अबू दीबने दोरी हातात आवळली.

"...मीही नाही घातले."

दोघांनी पलीकडच्या पाळण्याकडे बघितलं. आडपडद्यामुळे आतलं दिसत नव्हतं. पाळणा रिकामा होता. रिकामा असायला हवा होता. तो वर उचललेला असायला हवा होता.

तो सरळ होता.

उंट चालत होता. दोन्ही पाळणे सारखे झुलत होते. एका लयीत. भरल्या पाळण्याच्या दोऱ्या जशा करकरतात, तशा त्या बाजूच्या दोऱ्या करकरत होत्या.

कापराचा वास आला.

यूनुस हलला नाही.

पडद्याच्या कडेने काहीतरी आलं. त्याच्या खांद्यावर टेकलं. हात होता. जड. थंड.

हाताने खांदा धरला.

हलवला.

"ऐक..."

आवाज कोरडा होता. वाळूतून आल्यासारखा.

"समजून घे..."

आणि थांबला. पुढे नाव यायला हवं होतं. आलं नाही.

पुन्हा हात. पुन्हा हलवणं.

"ऐक... समजून घे..."

पुन्हा थांबला. शोधत होता. सापडत नव्हतं. अंधारात कोणीतरी सालिमला हाक मारली होती. तो सालिम नव्हता. मग तो कोण होता?

"ऐक..."

"दादा," यूनुस पुटपुटला.

"समजून घे..."

"दादा, तू..."

हात घट्ट झाला. हाडापर्यंत.

आणि मग यूनुसमध्ये काहीतरी तुटलं. तो म्हणायचा, धीर आला नाही, राग आला. भीतीच्याही वर राग आला. तो पाळण्यात गुडघ्यांवर उठला. सगळा तांडा गप्प चालला होता, वाळूवर पावलं पडलेली ऐकू येत होती, आणि त्या शांततेत तो ओरडला.

"काझिम! काझिम, अब्दुल हुसेनच्या मुला! ऐक! समजून घे!"

पुढच्या मशाली थबकल्या.

"ते विचारतील, तुझे इमाम कोण! घाबरू नकोस! सांग!" आणि त्याने अलीपासून सुरुवात केली. दुसरं नाव. तिसरं, हुसेनचं, त्याच रात्री, त्या तांड्यात, छाती फाडून. चौथं. पाचवं. पुढे माणसं वळून बघत होती. मागून येणारे उंट अडले. तो घेत राहिला. एकही नाव चुकलं नाही. बारावं घेतलं.

खांद्यावरचा हात सुटला.

पलीकडचा पाळणा एकदम वर गेला. यूनुसची बाजू खाली कोसळली. अबू दीबने त्याला वरच्या वर झेललं, नाहीतर उंटाच्या पायांत गेला असता.

टापा वाजल्या. रजब चावूश आला.

"काय झालं? का थांबलात? कोण पडलं?"

पुढेमागे शे-दोनशे माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. दमास्कसचे होते, हलबचे होते, अनातोलियाचे होते. खीर शिजवणारेही होते.

"पासंग सुटला," अबू दीब म्हणाला.

"काय?" चावूशने मान तिरपी करून कान पुढे केला. मशालीत पांढरं दिसलं. कापूस अजून कानात होता.

"पासंग!" अबू दीब ओरडला. "पासंग सुटला, साहेब!"

"मग दगड घाला, गाढवांनो!" चावूश म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या कोणीही तोंड उघडलं नाही. त्या रात्री नाही, दमास्कसपर्यंत नाही, नंतरही नाही. ज्यांना आपण भितो त्यातले किती जण खरोखर कान लावून बसलेले असतात, याचा हिशेब मी कधीच केला नाही. यूनुसने केला. तो त्याला झोपू द्यायचा नाही.

सकाळी तळ पडल्यावर अबू दीबने रिकाम्या पाळण्यातली गादी झटकायला ओढली. गादी दबलेली होती, कोणी उजव्या कुशीवर निजून उठावं तशी. आणि उशाशी, शेजारी शेजारी, दोन कापसाचे बोळे होते.

रिदा, तुझं तोंड उघडलं, बंद कर. तू काय म्हणणार ते कळलं. चावूशचा कापूस उडून पडला असेल, हेच ना? चावूशच्या कानात त्याचे दोन्ही बोळे होते, ते बघितलेली माणसं मी बघितली आहेत.

यूनुस मागच्या हिवाळ्यात गेला. त्याच्यासाठी कबरीत मी उतरलो. त्याच्या नावाने, त्याच्या बापाच्या नावाने इतक्या मोठ्याने बोललो, की रस्त्यावरून जाणाऱ्या शिपायांनीही ऐकलं असेल. मरण्याआधी त्याने त्या बोळ्यांची ही गाठ मला दिली होती. त्या सकाळपासून त्याने ती कमरेला बांधलेली होती, तुमच्यातल्या कोणाचाही जन्म व्हायच्या आधीपासून.

दिवा जवळ आण. सोड गाठ. सावकाश.

कापूर उघडा ठेवला की काही दिवसांत उडून जातो, हे तुमच्या आयांना विचारा.

आता हुंगून बघ.